नववी ब : नियम एकूण बावीस

आमच्या वर्गाच्या मागच्या भिंतीवर, खिडकी आणि भारताचा नकाशा यांच्या मधोमध, एक कार्डशीट लावलेलं आहे. मथळा : 'वर्गाचे नियम'. दर जूनला शाळा सुरू झाली की वर्गातल्या सगळ्यात सुवाच्य अक्षराच्या मुलीला बोलावून मी ते नव्याने लिहून घेतो. कडेची वेलबुट्टी ती आपल्या मनाने काढते. एखाद्या वर्षी ही वेल इतकी फोफावते की शेवटचे दोन नियम पानाफुलांत हात घालून शोधावे लागतात. पण ते कोणी शोधत नाही, त्यामुळे चालून जातं.

१९९६ साली मी नोकरीला लागलो आणि पहिल्याच वर्षी वर्गशिक्षक झालो, तेव्हा नियम पाच होते. वेळेवर यावे, गणवेशात यावे, गृहपाठ करावा, वर्ग स्वच्छ ठेवावा, गुरुजनांचा मान राखावा. बी.एड.च्या टिपणवहीतून जसेच्या तसे उतरवलेले. हे पाच नियम इतके गरीब आहेत की त्यांच्या वाटेला कोणी जातच नाही. आज नियम बावीस आहेत. वरचे सतरा मी केलेले नाहीत, मुलांनी माझ्याकडून करून घेतलेत. त्या प्रत्येक नियमामागे एक मुलगा उभा आहे. मुली नाहीत असं नाही, पण मुली सापडत नाहीत.

या मुलांची नावं मी इथे सांगणार नाही. एक तर ते आता गावातले प्रतिष्ठित लोक आहेत. त्यातल्या एकाच्या पतसंस्थेत माझी ठेव आहे. दुसरं म्हणजे मला नावापेक्षा हजेरी क्रमांकच चटकन आठवतो. बाजारात कोणी वाकून नमस्कार केला की माझ्या तोंडून "अरे, एकेचाळीस ना तू?" असं निघून जातं आणि शेजारी उभी असलेली त्याची बायको त्याचं वय मनात मोजायला लागते.

नववीच का, ब च का, हेही सांगायला हवं. आमचं हायस्कूल पाचवी ते दहावी. त्यात नववीइतकी पोरकी इयत्ता दुसरी नाही. फुकट पुस्तकं आठवीपर्यंत, खिचडी आठवीपर्यंत, शिक्षणहक्क कायदाही आठवीपर्यंत. पुढे दहावीला बोर्ड, म्हणून तिथे मुलांना दूध-बदाम आणि शिक्षकांना रक्तदाब. मधली नववी मात्र कोणाच्याच हिशेबात नाही. मधल्या सुट्टीत आठवीच्या व्हरांड्यातून खिचडीचा वास येतो तेव्हा आमच्या वर्गातल्या मुलांचे चेहरे बघवत नाहीत. गेल्या वर्षीपर्यंत हीच मुलं 'रोज काय खिचडी' म्हणून नाकं मुरडत होती. सोळावा नियम त्यातूनच आला : 'नववीच्या विद्यार्थ्यांनी आठवीच्या रांगेत उभे राहू नये.' त्याचा जनक क्रमांक २८. दोन महिने रोज ताट घेऊन जेवला आणि मिशी फुटल्यामुळे पकडला गेला.

आता ब. अ तुकडीत हुशार मुलं घालायची आमच्याकडे जुनी पद्धत आहे. ब तुकडीतली मुलं हुशार नसतात असं मात्र कोणी समजू नये. त्यांची हुशारी अभ्यासक्रमात बसत नाही, एवढंच.

नवव्या नियमाचीच गोष्ट घ्या. बेंचवर कर्कटकाने नावं कोरण्याचा रोग तेव्हा जोरात होता. नावाला नाव, मध्ये बाण, खाली तारीख. मी नवा नियम लिहायच्या तयारीत होतो, 'बेंचवर कोरू नये.' पण बी.एड.ला शिकवलं होतं की नियम नकारार्थी नसावा. 'पळू नका' म्हणण्यापेक्षा 'सावकाश चाला' म्हणावं, मुलाच्या मनावर चांगला परिणाम होतो. म्हणून मी शांत डोक्याने, होकारार्थी लिहिलं : 'कर्कटकाचा उपयोग फक्त वर्तुळ काढण्यासाठी करावा.' आठ दिवसांत क्रमांक १७ च्या बेंचवर अकरा वर्तुळं निघाली. साधीसुधी नाहीत. केंद्रबिंदू, त्रिज्या, एक जीवा, दोन ठिकाणी स्पर्शिका. गणिताच्या सरांना दाखवायला आणलं तर ते वाकून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "वहीत ह्याला कधी जमलं नाही हो." नियम मोडला म्हणावं तर मोडलाच नव्हता. मग नववा नियम लिहावा लागला : 'वर्तुळ फक्त वहीत काढावे.' होकारार्थी भाषा मी तिथे सोडली. पुढचे सगळे नियम 'नये' वर संपतात.

दिवसाची सुरुवात परिपाठाने. मामांनी टोल दिला की अंगणात रांगा. राष्ट्रगीत ५२ सेकंदांचं, आणि त्या ५२ सेकंदांत नववी ब ही जिल्ह्यातली सर्वांत शिस्तीची तुकडी असते, हे मी पैजेवर सांगेन. त्रेपन्नाव्या सेकंदाला कोणीतरी कोणाच्या तरी टाचेवर पाय देतो. २०२३ पासून राज्यगीत आलं. ते मुलं मनापासून म्हणतात, कारण त्यात ओरडायला वाव आहे. मग प्रतिज्ञा. उजवा हात समोर सरळ. हा हात बघण्यासारखा असतो. पहिल्या वाक्याला तो खांद्याच्या रेषेत असतो, तिसऱ्या वाक्याला कोपरात वाकतो आणि शेवटी पुढच्याच्या खांद्यावर विसावतो. वरच्या मजल्यावरून बघितलं तर प्रतिज्ञा संपताना साठ डब्यांची मालगाडी उभी असते. ही प्रतिज्ञा पैदिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी १९६२ साली तेलुगूत लिहिली, हे मी दर वर्षी वर्गात सांगतो. एका वर्षी मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, तेलुगूत पण एवढीच मोठी आहे का?"

त्यानंतर उद्देशिका, सुविचार, दिनविशेष आणि ठळक बातम्या. बातम्या वाचायची पाळी आली की मुलगा घरून पेपर आणतो, असा आमचा समज होता. एकदा ऑगस्ट महिन्यात आमच्या शाळेने दहावीचा निकाल लागल्याची ताजी बातमी ऐकली, सवयीने टाळ्याही वाजवल्या. चौकशी केली तेव्हा कळलं, पेपर भाकरीला गुंडाळून आला होता. नियम सातवा : 'बातम्या आजच्या पेपरातून वाचाव्यात.' त्या पेपरावर लोणच्याचा डाग होता, हे मला माईकपाशी वास आला तेव्हाच कळायला हवं होतं.

मग वर्गात हजेरी. आमच्याकडे हजेरीपटाला अजून कॅटलॉग म्हणतात. मी आकडा म्हणायचा, मुलाने 'हजर' म्हणायचं. फळ्याच्या कोपऱ्यात मॉनिटर लिहून ठेवतो : पट ६२, हजर ५८. हा कोपरा दिवसभर कोणी पुसायचा नाही. पाचव्या तासाला तिघं कुंपणावरून उडी मारून गेले तरी फळ्यावर ५८ च असतात. पर्यवेक्षक दारातून फळा बघतात आणि समाधानाने पुढे जातात. मी सांगतो, या देशात आकडे असेच गोळा होत असावेत.

हजेरीतली खरी कला म्हणजे दुसऱ्याची हजेरी देणं. क्रमांक ३१ आणि ३२ हे जिवलग मित्र. ३२ उसाच्या फडात बापाला मदत करायला जायचा, त्याचा 'हजर' ३१ म्हणायचा. आवाज असा हुबेहूब की मला जून ते ऑक्टोबर काही कळलं नाही. घात केला तो दिवाळीच्या सुट्टीने. नववीतल्या मुलांचे आवाज दिवाळीच्या सुट्टीत फुटतात, हा माझा जवळजवळ तीस वर्षांचा अनुभव आहे. कंदील लावताना घरात बासरी असते आणि सुट्टी संपवून शाळेत येतो तो हलगी. त्या सुट्टीत ३१ चा आवाज फुटला, ३२ चा फुटला नाही. सोमवारी ३२ स्वतः वर्गात बसलेला असताना चिमण्या आवाजात 'हजर' म्हणाला. मंगळवारी तोच ३२ घोगऱ्या आवाजात 'हजर' म्हणाला. बुधवारी पुन्हा चिमणी. मी म्हटलं, "बत्तीस, तुझा आवाज एक दिवसाआड फुटतोय का रे?" सहावा नियम त्या बुधवारचा : 'आपली हजेरी आपणच द्यावी.'

आणि मग करंगळी.

ज्यांनी वर्गात शिकवलेलं नाही त्यांना करंगळीचं सामर्थ्य कळणार नाही. इंग्रजी माध्यमात वाक्य बोलावं लागतं. आमच्याकडे मुलगा जागेवर उभा राहतो, करंगळी वर करतो आणि चेहरा असा करतो की नाही म्हणणारा माणूस कसाई ठरावा. एक गेला की त्याच क्षणी सात जणांना जाणीव होते. तहानही अशीच साथीची. गोष्ट सांगत असलो की कोणाला तहान लागत नाही, 'वह्या काढा' म्हटलं की घसे कोरडे. नववीच्या इतिहासात १९७५ च्या आणीबाणीचा भाग आहे. २५ जूनची रात्र, मूलभूत हक्क, वृत्तपत्रांवरची बंधनं, असं मी रंगून सांगत होतो. क्रमांक ५ उभा राहिला. करंगळी वर. मी म्हटलं, "बस खाली, आणीबाणी चालू आहे." तो कळवळून म्हणाला, "सर, इकडं पण."

एका वेळी एकानेच बाहेर जावं म्हणून मी परवानगीची पाटी करायचं ठरवलं. पाटी हातात असेल तोच बाहेर. पहिली पाटी पुठ्ठ्याची केली. ती तिसऱ्या दिवशी भिजली, कशाने ते विचारलं नाही. दुसरी पत्र्याची. तिच्यावर व्हरांडाभर ताशा वाजवत मुलं जायला लागली. मग सुतारमेस्त्रींना सांगून लाकडाची करून घेतली. मेस्त्री माझे मित्र, त्यांनी मन लावून काम केलं. जांभळाची फळी, दीड फूट लांब, धरायला व्हावी म्हणून एका टोकाला मूठ. वर मी तैलरंगाने 'परवानगी' लिहिलं. मेस्त्रींनी काय बनवलं आहे हे माझ्या लक्षात आलं नाही, वर्गाच्या लगेच आलं. दोन दिवसांत माझ्या वर्गातल्या मुलांना होणाऱ्या नैसर्गिक गरजांचं प्रमाण दुप्पट झालं आणि स्वच्छतागृहामागून 'आउट रे!' असा आवाज यायला लागला. इतर वर्गांतली मुलंही आपापल्या सरांना करंगळी दाखवून तिकडे पोचत होती. एका तासाला मी स्वतः गेलो. क्रमांक ४४ खेळत होता आणि 'परवानगी' ही अक्षरं चेंडूच्या माराने पार झिजून गेली होती. फक्त 'नगी' उरलं होतं.

नियम अकरावा : 'परवानगीच्या पाटीने क्रिकेट खेळू नये.' बाहेरून कोणी अधिकारी तपासणीला आले की हा नियम हमखास वाचतात, चष्मा काढतात, पुसतात आणि पुन्हा वाचतात.

वर्ग झाडायची पाळी हा एक वेगळाच अध्याय आहे. चौथा नियम म्हणतो 'वर्ग स्वच्छ ठेवावा', पण कोणी, हे त्यात नाही. पाळीचा तक्ता केला, तर ज्याची पाळी तो त्या दिवशी तापाने आजारी. मला साने गुरुजी आठवले. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक असताना गुरुजी छात्रालयही बघायचे आणि मुलांच्या अस्ताव्यस्त खोल्या न बोलता स्वतः झाडून, आवरून ठेवायचे. मुलं ओशाळायची आणि सुधारायची. मी म्हटलं, करून बघू. एका सकाळी घंटेआधी झाडू घेतला आणि मान खाली घालून वर्ग झाडायला लागलो. मुलं यायला लागली. दारात थबकली. माझ्या मनात आलं, आता एखादा पुढे होईल, माझ्या हातातून झाडू घेईल, डोळ्यांत पाणी असेल. मुलं एकेक करून आत आली, शांतपणे आपापल्या जागी बसली आणि मला नीट झाडता यावं म्हणून सगळ्यांनी पाय वर घेतले. मागच्या बाकावरचा एक जण फार आदराने म्हणाला, "सर, इथं थोडं राहिलंय."

गुरुजींचं अंतःकरण आपल्याजवळ नाही, हे कबूल करून मी त्या दिवसापासून न झाडणाऱ्याची मधली सुट्टी पाच मिनिटांनी कमी केली. वर्ग आरशासारखा असतो.

मॉनिटरबद्दल फार लिहीत नाही, कारण राजकारणावर लिहायला जाणकार लोक आहेत. मी वर्गाबाहेर गेलो की बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहिणं हे त्याचं काम. नावापुढे फुली, पुन्हा बोलला की दुसरी फुली. फुल्यांचा दर तेव्हा दोन चिंचेचे आकडे असा होता, बोरांच्या दिवसांत तो ओंजळभर बोरांवर जायचा. एकच मॉनिटर मला असा भेटला की जो कोणाकडून काही घेत नसे. ती मुलगी होती. एकदा मी दारात उभा राहून पर्यवेक्षकांशी वेतनवाढीच्या विषयावर बराच वेळ बोलत होतो. आत येऊन बघतो तर फळ्यावर शेवटचं नाव 'सर', पुढे तीन फुल्या. पुसलं मीच. पण तिची फळ्यावरची नजर बघून आधी परवानगी घेतली.

छडीचा विषय टाळता येत नाही. मी लागलो तेव्हा स्टाफरूमच्या कपाटामागे निगडीच्या चार फोका उभ्या असत. २००९ चा कायदा झाला, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, त्याच्या १७व्या कलमाने मारही बंद आणि टोचून बोलणंही बंद. मार गेला ते उत्तमच झालं. माझा हात तसाही उठत नसे, आणि उठला की ज्याला लागायचं तो खाली वाकायचा. टोचून बोलणं गेलं याचं मात्र जुन्या मराठी शिक्षकांना मनापासून दुःख झालं. त्यांची अर्धी विद्वत्ता त्यात होती. आता हातात राहिलं एकच शस्त्र : 'पालकांना घेऊन ये.' याचीही गंमत अशी की पालक येतात, माझं म्हणणं पुरतं ऐकूनही घेत नाहीत आणि माझ्यासमोरच पोराच्या पाठीत धपाटा घालतात. मग कलम १७ मला पालकांना समजावून सांगावं लागतं, तेही मध्ये उभं राहून.

आता चौदावा नियम. बाकीचे एकवीस नियम एकीकडे आणि हा एकीकडे. 'वर्गातील घड्याळास कोणीही हात लावू नये.'

१९९९-२००० चं वर्ष. आदल्या वर्षीच्या दहावीने निरोप समारंभात शाळेला भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं होतं. मुख्याध्यापकांच्या खोलीत आधीच तीन होती, म्हणून ते आमच्या वर्गात मागच्या भिंतीवर लागलं. टोल आमच्या वर्गाच्या खिडकीलाच टांगलेला, त्यामुळे मामा ऑफिसपर्यंत न जाता खिडकीतून आमच्या घड्याळात बघून टोल देऊ लागले. म्हणजे सगळ्या शाळेची वेळ नववी ब च्या हातात आली. हे मला उमगलं नाही. वर्गाला किती दिवसांत उमगलं, ते माहीत नाही.

दुपारी दोनला मधली सुट्टी व्हायची, अडीचला भरायची. तास बदलताना, एक सर गेले आणि दुसरे आले नाहीत अशा दीड मिनिटात, कोणीतरी बेंचवर चढून काटा दहा मिनिटं पुढे करायचं. सुट्टी दोनला दहा कमी असताना व्हायची. सुट्टीत वर्ग रिकामा असताना काटा पुन्हा जागेवर. टोल बरोबर अडीचला. चाळीस मिनिटांची सुट्टी, आणि दिवसाचा हिशेब चोख. हे किती दिवस चाललं असेल? दिवाळीनंतर सुरू झालं असं धरलं तर संक्रांतीपर्यंत.

सगळ्या शाळेत एकाचीही तक्रार नव्हती. मुलांची नसणारच. स्टाफरूममध्ये आम्हीही 'हल्ली चहा निवांत होतो' असं एकमेकांना सांगत होतो. चौथा तास गणिताचा, तो पंचविसावर यायचा. गणिताचे सर म्हणायचे, नवीन अभ्यासक्रम फार मोठा केलाय, पुरतच नाही.

फक्त एका माणसाची झोप उडाली होती. आमचे विज्ञानाचे सर. त्यांचं नुकतंच लग्न झालं होतं आणि दिवाळसणाला सासऱ्यांनी मनगटी घड्याळ दिलं होतं. सोनेरी पट्ट्याचं. मधल्या सुट्टीचा टोल झाला की सर मनगट बघायचे आणि त्यांचा चेहरा पडायचा. घड्याळ रोज दहा मिनिटं मागे. अडीचला बघावं तर बरोबर. आम्ही काय सोडतो? "सासरेबुवांनी घड्याळ दिलं, पण काटे मुलीच्या हातात ठेवलेत," असं एक जण म्हणाला आणि सर त्या दिवशी डबा न खाता उठले. दोनदा त्यांनी ते दुरुस्तीला दिलं. दोन्ही वेळा घड्याळजीने ते उघडून, बघून, पैसे न घेता परत दिलं. दुसऱ्या वेळी तो म्हणाला, "मास्तर, घड्याळ चोख आहे. तुमची शाळा उघडून बघा."

सर विज्ञानाचे होते. पुढच्या दिवशी चौथ्या तासाला ते जिन्याखाली उभे राहिले, सासऱ्यांच्या घड्याळात एक पंचेचाळीस झाल्यावर आमच्या वर्गाच्या खिडकीत आले आणि भिंतीवर एक पंचावन्न बघून, इतक्या आनंदाने ओरडले की गणिताच्या सरांच्या हातातून खडू पडला.

चौकशी झाली. मुख्याध्यापक आले, पर्यवेक्षक आले. सगळा वर्ग उभा केला. कोणी केलं? शांतता. ज्याने केलं त्याने पुढे यावं, काही शिक्षा नाही. शांतता. सगळ्यांची मधली सुट्टी आठ दिवस बंद. शांतता. साठ मुलं-मुली, एकमेकांच्या पेन्सिलीच्या टोकावरून 'सर, हा बघा ना' म्हणून दिवसातून वीस वेळा चहाड्या करणारी, त्यांतल्या एकाचंही तोंड उघडलं नाही. आठ दिवस ती सगळी मधल्या सुट्टीत जागेवर बसून डबे खात होती आणि मी त्यांच्यासमोर बसून माझा. वर्ग इतका एकदिलाने बसलेला मी आधी पाहिला नव्हता, नंतरही नाही.

मध्ये एक वर्ष तर वर्गच नव्हता. २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि नववी ब माझ्या मोबाइलमध्ये आली. तिथे नियम एकच होता, माइक बंद ठेवावा, आणि तो सगळ्यांनी पाळला. चोवीस वर्षं 'गप्प बसा' म्हणणारा मी, अंधाऱ्या चौकोनांसमोर बसून "कोणीतरी बोला रे" म्हणून विनवत होतो. विसावा नियम नंतरचा आहे, मोबाइल शाळेत आणू नये असा, आणि त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. सगळीकडे आहे तसाच.

त्याच विसाव्या नियमापायी परवा एका मुलाला मी पालकांना आणायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी दारात चाळिशीचा माणूस, टोपी हातात. "येऊ का सर?" मी कॅटलॉगमधून मान वर केली आणि तोंडून गेलं, "सतरा!"

वर्तुळवाला. आता त्याचं फॅब्रिकेशनचं दुकान आहे, गावातल्या निम्म्या घरांची फाटकं त्याने केलीत. फाटकावर वर्तुळं असतात. पोराकडे त्याने रागाने बघितलं, पण धपाटा घातला नाही. मग त्याची नजर मागच्या भिंतीवर गेली. कार्डशीटजवळ जाऊन तो वेलबुट्टीतून बोट फिरवत खाली आला आणि थांबला. "सर, नऊ नंबर अजून आहे?" पोराला जवळ बोलावून दाखवलं, "हे वाच. हे माझ्यामुळं आहे." पोराच्या चेहऱ्यावर बापाबद्दल असा आदर मी कधी पाहिला नव्हता. माझी मोबाइलची तक्रार तिथेच विरली.

तो जायला निघाला तेव्हा मी सोबत जिन्यापर्यंत गेलो. तोही त्याच तुकडीतला, घड्याळाच्या. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "अरे, पंचवीस वर्षं झाली. ते घड्याळ कोण पुढे करत होतं?"

सतरा हसला. दोन पायऱ्या उतरला, टोपी घातली आणि म्हणाला, "काय सर, तुम्ही पण."

तर १९९९-२००० च्या नववी ब मधलं कोणी हे वाचत असेल तर त्यांना विनंती : माझ्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली आहेत. विज्ञानाचे सरही आता आजोबा झालेत आणि ते घड्याळ अजून मनगटावर बांधतात. शिक्षा नाही, कोणाला सांगणार नाही, फक्त मला कळू दे. शाळा सुटल्यावर साडेपाचनंतर मी वर्गातच असतो. येताना पालकांना आणायची गरज नाही.